फटफटीची जोड : कोल्हापुरातील दोन दिवस

कोल्हापूर म्हटले की अंबाबाईचे देवालय, रंकाळ्याचा काठ आणि खासबागेचे कुस्तीचे मैदान ही तीन स्थळे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु या नगरीस यंत्रांचाही नाद मोठा आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथ अखंड घरघरत असतात. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांत मोटारींच्या इंजिनांचे भाग ओतले जातात. तेव्हा फटफटीचा प्रश्न सोडविण्यास आम्ही कोल्हापूरची वाट धरली, यात नवल ते काय?

प्रश्न असा होता. आमचा धाकटा नातू इंजिनियर होऊन नोकरीस लागला आणि शर्यतीसाठी एक हजार सीसीची मोटारसायकल घ्यावी, असा त्याने हट्ट धरला. घरात दोन तट पडले. त्याच्या आजीने देव पाण्यात ठेवले. होकार द्यावा तर जिवाची धास्ती. नकार द्यावा तर पोर अपरात्री हमरस्त्यावर वेग अजमावील ही दुसरी धास्ती. आमचा एक जुना विद्यार्थी उद्यमनगरात गाड्यांचे काम करतो. त्याचा सल्ला घेण्याचे ठरले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तो आम्हांस खासबागेत घेऊन गेला. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेले हे मैदान असे खोलगट आहे की, शेवटच्या रांगेतील माणसासही हौद्यातील कुस्ती स्पष्ट दिसावी. तेथे बसून तो म्हणाला, "गुरुजी, वस्ताद नव्या पठ्ठ्याला पहिल्याच दिवशी नामांकित मल्लासंगं भिडवतो का? वजन बघतो, तयारी बघतो, मग जोड लावतो. गाडीचीबी जोडच लावायची असती."

मग त्याने हिशेब मांडला. हजार सीसीच्या शर्यती गाडीचे वजन सुमारे दोनशे किलो आणि शक्तीही सुमारे दोनशे अश्वांची. याउलट यामाहा आर-१५ ही दीडशे सीसीच्या वर्गातली गाडी जेमतेम अठरा अश्वांची. टीव्हीएसने २०१७ साली काढलेली अपाची आरआर ३१० ही तेव्हा चौतीस अश्वांची होती, तर केटीएमची ३७३ सीसीची आरसी ३९० सुमारे त्रेचाळीस अश्वांची. नवशिक्याने लहान गाडीची सारी शक्ती वापरावयास शिकावे. मोठ्या गाडीवर तो भीतीने मूठ अर्धीही पिळीत नाही, आणि पिळली तर मागचे चाक निसटते.

येथे आमच्यातील मास्तर जागा झाला. तीस मीटर त्रिज्येचे वळण ताशी साठ किलोमीटर वेगाने घ्यावयाचे असल्यास स्वारास गाडीसह सुमारे त्रेचाळीस अंश कलावे लागते. या गणितात गाडीचे वजन येत नाही आणि अश्वशक्तीही येत नाही. वळणावर विचारले जाते ते टायरची पकड किती आणि स्वाराचे मन स्थिर किती, एवढेच.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेर मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक पाहिला. येथे कार्ट नावाच्या बुटक्या चारचाकी गाड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. सरळ रेषेत ब्रेक लावावा, बाहेरून वळणात शिरावे, आतल्या कडेस स्पर्श करून पुन्हा बाहेर पडावे, ही शिस्त तेथे डोळ्यांनी शिकता येते. दुचाकीवाल्यासही ती उपयोगी पडते. दुचाकींच्या मोठ्या शर्यती मात्र चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईस आणि कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर भरतात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तर २०२३ साली मोटोजीपीची जागतिक फेरी झाली.

शर्यतींचा आणखी एक प्रकार नातवास तेथेच कळला. काही स्पर्धांत सर्वांस एकाच जातीची गाडी देतात. टीव्हीएसची अशी स्पर्धा १९९४ पासूनची आहे. तेथे धनिकाची थैली हरते आणि कसब जिंकते. आम्हांस हा न्याय फार आवडला.

परतण्यापूर्वी आमच्या विद्यार्थ्याने खर्चाची यादी लिहून दिली. गाडीपेक्षा आधी पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट, चामड्याचा अखंड पोशाख, हातमोजे, बूट आणि पाठीचे कवच. गाडीचे आरसे काढावेत, दिव्यांवर चिकटपट्टी लावावी, इंजिन थंड राखणाऱ्या निसरड्या द्रवाऐवजी साधे पाणी भरावे, तेलाच्या बुचास तार बांधावी. कारण एकाने सांडलेल्या तेलावरून दुसरा घसरतो. ही शेवटची दक्षता स्वतःसाठी नसून परक्यासाठी आहे, हे ऐकून या खेळाविषयीचे आमचे मत पुष्कळच बदलले.

घरी सर्वांसमक्ष निर्णय झाला तो असा : गाडी तीनशे सीसीच्या आसपासची, तीही वापरलेली, वाचलेल्या पैशांतून पोशाख, टायर आणि ट्रॅकवरील शिक्षण. स्पर्धेत उतरावयाचे ते देशाच्या मोटर स्पोर्ट्स फेडरेशनचा परवाना मिळाल्यावरच, आणि हमरस्त्यावर शर्यत कदापि नाही. नातू प्रथम हिरमुसला, पण टायरांचे भाव स्वतःच विचारू लागला. आजीने देव अद्याप पाण्यातून काढलेले नाहीत.

ज्या घरांत असा हट्ट चालू असेल, त्यांना आमचे इतकेच सांगणे की, मुलाचा नाद मोडू नये. त्यास योग्य आखाडा दाखवावा आणि जोड बेताची लावावी.