सेन्सर बदलण्याआधी

चेक लाइट पेटला की गाडीवाला गॅरेजात शिरतानाच विचारतो, "मिस्त्री, कुठला सेन्सर टाकायचा?" मी उलट विचारतो : गाडी कधी बंद पडते? तापल्यावर, चढाला, की भरल्या मालावर? बीड जिल्ह्यात पिकअपवर घर चालतं. आष्टीकडचं दूध, बालाघाटातली सीताफळं, गेवराईचा कापूस तिच्यावरच जातो. ती चार दिवस उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही.

एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि सायलेन्सरच्या बाजूलाही वायरी गेल्या. बरेच जुने फिटर तिथे बुजले. मला वाटतं, सेन्सरच्या जागा पाठ करायची गरजच नाही. सेन्सर जे मोजतो, त्याच्याजवळ बसतो. पाण्याचं तापमान मोजणारा थर्मोस्टॅटच्या आसपास सापडतो. डिझेलचा दाब मोजणारा कॉमन रेलवर असतो. इंजिन चालू असताना तिथे पाना लावू नये, आतला दाब हजार बारच्या वरही जातो. क्रँक सेन्सर फ्लायव्हीलजवळ, नाहीतर पुढच्या पुलीमागे. मॉडेलप्रमाणे बाजू बदलते, काम बदलत नाही.

स्कॅनरचा कोड भाग बदला असं सांगत नाही, कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे तेवढंच सांगतो. पाण्याच्या सेन्सरचा कोड आला की मी त्याचा कपलर काढतो. स्कॅनरवर तापमान वजा ४० च्या आसपास गेलं पाहिजे. मग कपलरच्या दोन पिना तारेने जोडतो. आकडा एकदम वर, शंभरच्या पुढे उडाला पाहिजे. दोन्ही झालं तर वायर आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, ठणठणीत, दोष सेन्सरचा किंवा कपलरच्या सैल पिनेचा. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर टाकून काय उपयोग?

धारूरच्या घाटात बंद पडणारी एक पिकअप आली होती. क्रँक सेन्सर आधीच एकदा बदललेला. ड्रायव्हर म्हणाला, "चढाला माल असला की बंद पडते, पण लगेच सेल्फ मारला की चालू होते." हे 'लगेच' महत्त्वाचं. गरमीने सेन्सर दगा देत असता तर गार होईपर्यंत थांबावं लागलं असतं. चढाला जोर लागला की इंजिन माउंटिंगवर एका बाजूला कलतं आणि वायरिंग ताणलं जातं. गाडीखाली झोपून वायर हाताने चाचपत गेलो. गिअरबॉक्सच्या वर, क्लिप तुटलेल्या जागी, ती पत्र्यावर घासून आतलं तांबं उघडं पडलं होतं. वायर जोडली, स्लीव्ह चढवली, नवी क्लिप मारली. सेन्सर तोच ठेवला.

अर्थिंगकडे तर कुणी बघतच नाही. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मल्टीमीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं, तर आधी अर्थिंगची पट्टी सोडवून घासून साफ करा. खराब अर्थिंगमुळे चांगले सेन्सरही चुकीचे आकडे देतात.

गाडीमालकांना एवढंच सांगणं आहे : सेन्सरचे पैसे मोजण्याआधी मिस्त्रीला म्हणा, वायर तपासलेली मला दाखवा. आणि ड्रायव्हरला सोबत आणा. गाडी नेमकी कुठे आणि कशी बंद पडली, हे त्यालाच ठाऊक असतं.