आधी नाक, मग डोळे

मुलांनो, महाबळेश्वरच्या बाजारात तुम्ही काय घेता? चणे, मध, चपला, स्ट्रॉबेरी! नाताळच्या सुट्टीत मी मात्र काठी शोधत होतो. आमचे अण्णा अंगणात घसरून पडले. डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली, तर ती त्यांनी दाराआड उभी करून ठेवली. म्हणे, ‘‘काठी म्हातारे घेतात.’’ स्वतःचं वय ७४!

महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचावर. १८२८च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हे थंड हवेचं ठिकाण वसवलं, म्हणून ही पेठ माल्कमपेठ. सगळ्या वाटा चढउताराच्या, मग काठ्या विकायला असणारच!

एका बोळाच्या तोंडाशी एक काका काठीवर चेहरा कोरत बसले होते. हातात जाडजूड पेनासारखं यंत्र, घूंऽऽ आवाज करणारं. आत मोटर आणि टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं पोलादी बिट. मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे! आपला छताचा पंखा मिनिटाला तीनशे-साडेतीनशेच फिरतो.

‘‘आधी डोळे काढणार ना?’’ मी विचारलं.

‘‘छे! आधी नाक. काठी गोल असते. तिचा सगळ्यात पुढे आलेला भाग तेच नाक. दोन्ही बाजूंचं लाकूड काढलं की गाल मागे जातात. डोळे त्याहून आत. लाकूड काढता येतं हो, परत चिकटवता येत नाही.’’

त्यांनी मला एक टाकाऊ तुकडा दिला. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडकं. कारण भुसा पिठासारखा बारीक उडतो. फळ्यावर खडू दाबायची आमची सवय! बिट दाबलं, तशी लाकूड जळल्याचा वास आला आणि गालावर काळा ठिपका उमटला. काका हसले, ‘‘तीळ झाला! दाबायचं नाही, एका जागी थांबायचंही नाही.’’ (तुम्ही हे यंत्र हाती घेऊ नका. साबणाच्या वडीवर चमच्याच्या दांड्यानं नाक काढून बघा.)

मग मी खिशातला अण्णांचा फोटो काढला. काकांनी मुठीखाली चार बोटं सोडून पेन्सिलीनं खूण केली. ‘‘फार खोल नाही जाणार. म्हातारा माणूस सगळा भार हिच्यावर टाकणार. खोल खाचेत काठी मोडली तर?’’ तोवर माझं लक्ष नुसतं मिशीकडे होतं!

दोन तासांनी मिशा झाल्या, कपाळावर आठ्याही आल्या. पॉलिश पेपर फिरला, जवसाच्या तेलाचा हात बसला आणि लाकूड मधासारखं चमकलं.

घरी अण्णांनी काठी उलटसुलट फिरवून बघितली. ‘‘हे नाक माझं नाही,’’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराआड डॉक्टरांचीच काठी होती. अण्णा शेजारच्या नानांकडे गेले होते, नाक दाखवायला.