घोडा झालेला राजा

फ्रेंच चित्रकार अँग्रच्या १८१७च्या चित्रात फ्रान्सचा राजा चौथा हेन्री चक्क रांगतोय. पाठीवर पोर, शेजारी राणी, आणि नेमका त्याच वेळी स्पेनचा वकील आत येऊन ताटकळलाय. आख्यायिका अशी, की राजाने उठायचीही तसदी घेतली नाही. तुम्हाला मुलंबाळं आहेत का, एवढंच विचारलं. आहेत म्हटल्यावर म्हणाला, मग फेरी पुरी करतो.

गोष्ट गोड आहे. जरा जास्तच गोड. चित्र काढलं तेव्हा बूर्बाँ घराणं नुकतंच गादीवर परतलं होतं. आपला मूळपुरुष किती लोभस बाप होता हे लोकांना दिसणं त्यांच्या सोयीचं होतं. राजाला घोडा व्हायला काय जातं? खाली उतरायला त्याच्यापाशी उंची असते. व्यंगचित्रकार दोमिएच्या शिळाछापांतल्या बापांपाशी ती नाही. ते दुकानदार, कारकून, पोट सुटलेले, पोरांपुढे हात टेकलेले.

दोमिए या घरांत शिरला तो काही हौसेने नव्हे. सप्टेंबर १८३५च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांचं तोंड बांधलं, म्हणून तो ज्यात चित्रं काढायचा त्या ‘ल शारिव्हारी’ या व्यंगपत्राला माजघर उरलं. पण त्याआधीच त्याने एक बाप काढून ठेवला होता. १५ एप्रिल १८३४. पॅरिसमध्ये उठाव मोडून काढताना त्रान्सनोनँ गल्लीतल्या एका घरातून गोळी आली म्हणून सैनिक आत घुसले आणि दिसेल त्याला मारत सुटले. दोमिएच्या चित्रात सैनिक नाहीत, बंदूक नाही. पलंगावरची चादर खाली ओढली गेलीय, खुर्ची उलथलीय, आणि झोपायच्या अंगरख्यातला, रात्रीची टोपी घातलेला एक माणूस पलंगाला टेकून कोसळलाय. आपण आधी त्याचे उघडे पाय बघतो. मग अंगरखा. अंगरख्याचा पांढरा म्हणजे शाई न लागलेला नुसता कागद. आणि मग कुठे त्याच्या अंगाखालचं पोर दिसतं. इथे पोर पाठीवर नाही. तेलकट खडू, ओला दगड, शाई. एवढ्याशा सामानात इतके करडे रंग कुठून आणले असतील! पोलिसांनी तो दगड आणि हाती लागल्या तेवढ्या प्रती जप्त केल्या.

पुढे याच हाताने रडकी पोरं घेऊन रात्री जागणारे बाप काढले आणि पॅरिस पोट धरधरून हसलं. डोक्यावरची टोपी तीच. मला हसू जरा उशिराच येतं.

आयांच्या बाबतीत मात्र दोमिए सरळसरळ कोता. लिहित्या बायकांची टर उडवणाऱ्या १८४४च्या मालिकेत एक बाई लेखनात गढलीय आणि मागे पोर टबात उलटं पडलंय, तंगड्या वर. रेषा अफलातून! पण त्या घरातला बाप कुठे होता, हे काही दोमिए दाखवत नाही. असेल कुठल्यातरी कॅफेत, ‘ल शारिव्हारी’ वाचत.