तीन दिवसांचें मौन

क्रीडामहोत्सव व स्नेहसंमेलन यांचें वर्णन आमच्या वाचकांस दरवर्षीं मिळतें. परंतु दहावीच्या विद्यार्थ्यांकरितां रिट्रीट म्हणून जो तीन दिवसांचा मौनाचा कार्यक्रम होतो, त्याविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. त्यांत बक्षिसें नसतात व छायाचित्रेंही निघत नाहींत, हें त्याचें कारण असावें.

ह्या साधनेचा उगम मोठा मनोरंजक आहे. १५२१ सालीं पाम्प्लोनाच्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें इग्नेशियस लोयोला या सरदाराचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानें वीरकथा मागितल्या. पण घरांत ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें एवढींच होतीं. तेव्हां एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. पराक्रमाचीं स्वप्नें रंगवितांना मन सुखावे, पण मागाहून कोरडें पडे. संतांसारखें जगण्याचा विचार मात्र निघून गेल्यावरही आपल्यामागें प्रसन्नता ठेवून जाई. विचार पारखण्याची हीच रीत त्यानें पुढें वाढविली, व तिचें पुस्तक १५४८ सालीं पोप तिसरे पॉल यांनीं मान्य केलें. मूळ साधना सुमारें तीस दिवसांची आहे. ख्रिस्ती नसलेल्या आम्हां मुलांनाही ती परकी वाटण्याचें कारण नव्हतें; देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकोबा एकांतासाठीं जात, हें आम्ही कीर्तनांत लहानपणींच ऐकलें होतें.

ऐकणें निराळें आणि गप्प बसणें निराळें! आमचें राहणें लालबागच्या चाळींत. नळावरची भांडणें, शेजारचा दूरदर्शनसंच, खालीं ढोलताशाची तालीम, आणि एका खोलींत सहा माणसें. पहिला दिवस त्यामुळें फार जड गेला. मुलें एकमेकांकडे पाहून हसूं दाबीत होतीं. फादर रागावले नाहींत. "बाहेरचा आवाज थांबला, आंतला थांबावयास वेळ लागेल," एवढेंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आजोबा आठवले. ते गेल्या आषाढांत वारले. पाहुणे, विधी व चहाचे कप यांच्या गर्दींत आम्हांस तेव्हां रडावयास सवड झाली नव्हती. आजोबा गिरणींत साचे चालवीत. साचा अडला कीं जॉबरची वाट न पाहतां ते स्वतःच उघडून पाहत, व त्याबद्दल बोलणीं खात. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, त्यांतलेच ते एक. पुन्हां साच्यावर उभें राहणें त्यांच्या नशिबीं आलें नाहीं. तरी पहाटे भोंग्याच्या वेळीं ते उठून बसत. भोंगा केव्हांच बंद झाला होता. हें चित्र डोळ्यांपुढें आलें, आणि चाळींत न आलेलें रडें त्या शांत खोलींत आलें. शेजारच्या मित्रानें, बोलतां येत नाहीं म्हणून, आपला रुमाल पुढें केला.

मग मन हलकें झालें, व फादरांनीं सांगितलेली पारख करून पाहण्याचें धैर्य आलें. घरची मिळकत बेताची. दहावीनंतर दादरच्या एका कापडाच्या दुकानांत लागावें, हा विचार कित्येक महिने मनांत होता. पहिला पगार आईच्या हातीं देण्याचें चित्र गोड वाटे. पण त्यापुढें कांहींच दिसत नसे. दुसरा विचार माटुंग्याच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेचा. ती १८८७ सालीं निघाली, तेव्हां मुंबईच्या गिरण्यांना शिकलेलीं माणसें पुरविणें हा तिचा एक हेतु होता. तेथें पदविकेस प्रवेश मिळणें कठीण. म्हणून हा विचार आला कीं प्रथम भीतीच वाटे. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों भीति ओसरली होती. विचार मात्र जागचा हलला नव्हता.

त्या सायंकाळीं बाबांना दोन्ही विचार सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "फी किती पडेल?" आम्हीं ती कागदावर मांडून दाखविली. आईनें तो कागद आजोबांच्या तसबिरीमागें ठेवला आहे. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत तो तेथेंच राहील.