शेपूट माझ्याकडे, तोंड उंबराखाली

प्लंबर ‘मोठं मशीन घेऊन आलोच’ म्हणून गेला तो गेलाच. मागे राहिली ती त्याची १० मीटरची स्प्रिंग. थोडी ड्रेनेजच्या पाइपात रुतलेली, बाकीची अंगणात वेटोळं घालून पडलेली. फोन वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. घराजवळचं चेंबर काठोकाठ भरलेलं, संडासात बादली ओतली की पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला बघायचं, आणि गौरी तोंडावर. या विषयातली माझी तयारी विचाराल तर फ्लशचं बटण दाबता येतं, इतकीच.

स्प्रिंग ओढून बघितली. हातभर बाहेर आली आणि सोडताच तेवढीच आत गेली. अजून जोर लावला तेव्हा कुंपणावरून शेजारच्या काकांचा आवाज आला, “अरे ओढू नकोस! पीळ पडला तर पाइपातच मोडेल, मग बस खणत.”

काका जीवन प्राधिकरणातून निवृत्त झालेले. पाण्याच्या आणि मैल्याच्या लाइनींत उभी हयात गेलेली. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बैठ्या घराशेजारी असा माणूस राहतो, याची किंमत मला त्या दिवशी कळली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दुसरं चेंबर कुठंय?” दुसरंही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. ते फाटकाजवळ सापडलं, आईच्या तुळशीच्या आणि शेवंतीच्या कुंड्यांखाली. कुंड्या हलवल्या, पहारीनं झाकण उचकटलं आणि आम्ही दोघंही लांब सरकलो. काकांनी बराच वेळ जवळ जाऊ दिलं नाही. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि हा वायू जास्त असला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. म्हणजे वास गेला तर निर्धास्त व्हायचं नाही. शिवाय मिथेन असतो, म्हणून जवळ काडी ओढायची नाही.

हे चेंबर कोरडं ठाक होतं. मला वाटलं, चला, एक तरी बरं आहे. काका म्हणाले, “पहिलं भरलेलं, दुसरं कोरडं, म्हणजे बूच या दोघांच्या मध्ये. दोन्ही भरलेली असती तर महापालिकेच्या लाइनीकडे बोट दाखवता आलं असतं.” मग त्यांनी टेप मागितला. बाहेर पडलेली स्प्रिंग भरली ६ मीटर. म्हणजे आत ४. पहिल्या चेंबरपासून जमिनीवर ४ मीटर मोजत गेलो तर टेपचं टोक बरोबर उंबराच्या बुंध्याशी टेकलं. अडकलेली स्प्रिंग निदान तुंबल्याची जागा तरी दाखवते.

उंबर तोडायचा विषयच नव्हता. दत्ताचं झाड, घरात कुणी हात लावू देणार नाही. आणि खरं तर दोष झाडाचा नाही. आमची लाइन ४ इंची, चिनी मातीच्या पाइपांची, आणि हे पाइप दोन दोन फुटांचे येतात. दोन चेंबरमधलं अंतर साडेपाच मीटर. म्हणजे सिमेंटनं भरलेले आठेक सांधे. एखाद्याला केसभर चीर पडली की पाण्याच्या वासानं मूळ आत शिरतं आणि आत त्याला खतपाण्याची ददात नसते. हा त्रास जगभरचा आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सॅम्युएल ब्लँक यांनी १९३०च्या दशकात कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर आणि पोलादी केबल जोडून पाइपातली मुळं कापणारं यंत्र बनवलं, तेही मुलाच्या घरचं ड्रेनेज तुंबलं म्हणून. आमच्या प्लंबरचं ‘मोठं मशीन’ याच कुळातलं असावं. आलं असतं तर बघितलं असतं.

काकांनी दाढीचा आरसा आणायला सांगितला. दुसऱ्या चेंबरच्या तोंडाशी तो तिरका धरून त्यांनी उन्हाचा कवडसा पाइपात टाकला. आत दीडेक मीटरवर तपकिरी तंतूंचा भरगच्च झुबका होता, पाइपभर. तो ओलसर चमकत होता. त्यातून पाण्याचा एकेक थेंब गळत होता.

एव्हाना रस्त्यावरचे दोघे तिघे जमले होतेच. एक जण म्हणाला, “माणूस बोलवा ना, आत उतरून काढेल.” काका एरवी मवाळ, पण त्यावर भडकले. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि माणसं अजून मरताहेत, असं त्यांनी चार शब्दांत सुनावलं. तो गृहस्थ निघून गेला.

लांब बांबूच्या कामटीला टोकाशी जाड तारेचा आकडा बांधला. काकांनी मला चेंबरच्या बाजूला उभं केलं, पाइपाच्या समोर नाही. कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून मी आकडा झुबक्यात रुतवायचा, पिळायचा, ओढायचा. मुळं तुटून येत होती, त्यांना केस, साबणाचा पांढरा थर, आणि एक प्लॅस्टिकचा चमचा, जो कुणाचा हे घरात कुणीच कबूल केलं नाही. मग आतून गुडगुड आवाज आला आणि सगळं एकदम सुटलं. बाजूला का उभं केलं ते तेव्हा समजलं. पहिलं चेंबर बघता बघता रिकामं झालं.

आता स्प्रिंग सहज निघेल, असं आम्हा दोघांनाही वाटलं. आत जाताना ज्या दिशेनं फिरवली त्याच दिशेनं फिरवत, हलक्या हातानं ओढायची, उलटी फिरवली तर वेटोळी उकलतात. तसंच करत होतो, पण दर वेळी ठरावीक जागी येऊन ती ठक्‌ अडकायची. काकांनी एका चेंबरात बॅटरी ठेवायला लावली आणि दुसऱ्यातून आरशात बघितलं. उजेडाचा पूर्ण गोल दिसायला हवा. आमच्या गोलाचा खालचा काप गायब होता. एक पाइप खचून सांध्यापाशी उंबरठा तयार झाला होता आणि स्प्रिंगचं आकड्यासारखं तोंड त्याला अडत होतं. काका म्हणाले, “खणावं लागणार.”

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “अरे, लेंग्याची नाडी ओवताना पिन अडकली तर मागं ओढतोस का? पुढं सरकव आणि पलीकडून काढ की.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. स्प्रिंगच्या हँडलचा स्क्रू सैल करून हँडल उतरवलं. मी पहिल्या चेंबरातून फिरवत पुढे ढकलत गेलो आणि थोड्याच वेळात दुसऱ्या चेंबरात मुळांचा पुंजका गुंडाळलेलं तोंड बाहेर आलं. तिथून ओढली ती पूर्ण निघाली, शेपटासकट.

गौरी जेवून गेल्यावर ती लाइन उकरली. ११० मिलिमीटरचा ६ मीटरचा पीव्हीसी पाइप अखंड टाकला, मध्ये एकही सांधा नाही. उतार ४० ला १, म्हणजे आमच्या लांबीला जेमतेम १४ सेंटीमीटर. तो काकांनी गवंड्याच्या लेव्हलच्या नळीनं स्वतः तपासला. तुमच्या घरी चिनी मातीची जुनी लाइन असेल आणि जवळ उंबर, वड किंवा पिंपळ असेल, तर पावसाळ्याआधी एकदा उन्हात आरसा धरून बघाच. आणि चेंबरच्या झाकणांवर कुंड्या ठेवल्या असतील तर त्या आजच हलवा.