कान्हाच्या कुरणात, वाघाशिवाय!

'काय मग, वाघ दिसला का?' कान्हाहून परतल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न हाच. नाही दिसला. तीन सफारी केल्या, तिन्ही दिवस पहाटे साडेचारचा अलार्म लावला, तरी नाही. आणि तरीही सांगते, जाऊन याच!

मध्य प्रदेशातलं कान्हा १९५५ पासून नॅशनल पार्क आहे. आम्ही गेलो जानेवारीत. उघड्या जिप्सीत ब्लँकेट गुंडाळूनही दातावर दात आपटत होते. सालाचं उंच, गर्द जंगल संपलं आणि एकदम समोर मोकळं कुरण! गवतावरचं दव गोठून पांढरंशुभ्र झालेलं आणि त्यात उभे बारशिंगे. एका नराच्या शिंगांवर चक्क गवताचा झुपका. माद्यांवर इम्प्रेशन मारायच्या दिवसांत हे नर असे नटतात. आपल्याकडे केसांना जेल लावतात, तसंच!

कडक जमिनीवर राहणारी ही बारशिंग्यांची जात १९७० मध्ये फक्त कान्हात उरली होती. किती? अवघे ६६. आज ते हजाराच्या आसपास आहेत. गवत हेच त्यांचं खाणं आणि उंच गवत हीच पाडसांची लपायची जागा. १९६९ पासून पार्कमधली गावं बाहेर हलवली गेली आणि शेतं होती तिथं कुरणं वाढली.

ही माहिती मला होती. म्हणजे वाचलेली होती. मी मस्त फोटो काढत होते, तेवढ्यात गाइडकाका हळूच म्हणाले, "मॅडम, इधर हमारे दादाजी का खेत था."

कॅमेरा आपोआप खाली आला. काय बोलावं सुचेना. "वाईट वाटतं का हो?" असं काहीतरी बावळटासारखं विचारलं. ते नुसते हसले. कुरणाच्या कडेच्या आंब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वो पेड उन्होंने लगाया था."

इतक्यात चितळाचा कॉल आला. वाघ! सगळ्या जिप्सी सुसाट निघाल्या, आमचीही. मी मात्र मागे वळून तो आंबा बघत होते.

तुम्ही गेलात तर वाघ जरूर शोधा. पण घटकाभर कुरणापाशीही थांबा. आपल्या वीकेण्डसाठी कुणीतरी आपलं गाव सोडलंय, एवढं लक्षात असू द्या.

कसं जाल? नागपूरहून रस्त्यानं साधारण २६० किलोमीटर. पावसाळ्यात पार्क बंद असतं. सफारीचं बुकिंग आधीच करा आणि स्वेटर विसरू नका!