उचल आणि जागा

जयपूरच्या रस्त्यांवर टॅक्सी आणि सरकारी गाडी म्हणून अनेक दशके धावलेल्या अँबॅसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन हे मुळात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतील इंजिन होय, आणि त्याच बोर-स्ट्रोकचे इंजिन १९५५ साली एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये बसवले गेले. अँबॅसडरमध्ये ते ५० अश्वशक्तीच्या आसपास देई, तर एमजीएमध्ये आरंभीच ६८; हा फरक मुख्यतः मोठे व्हॉल्व्ह, दोन कार्ब्युरेटर आणि वाढवलेले कॉम्प्रेशन यांचा होता. राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लबसारख्या संस्थांमुळे जुन्या मोटारींची आवड ज्या शहरात जिवंत राहिली, तेथील हौशी मालकाला या इंजिनातून आणखी शक्ती काढण्याचा मोह व्हावा आणि त्याची नजर प्रथम अधिक उचलीच्या कॅमशाफ्टवर जावी, हे स्वाभाविकच आहे.

उचल म्हणजे व्हॉल्व्ह आपल्या सीटपासून किती मिलिमीटर वर उठतो ते अंतर. या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. कॅमचे नाक टॅपेटला ढकलते, टॅपेट पुशरॉडला आणि पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला, आणि रॉकर तरफेसारखा कलंडून दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह दाबतो. रॉकरच्या दोन भुजांचे प्रमाण येथे सुमारे १.४ असल्यामुळे कॅमच्या नाकावर वाढवलेला एक मिलिमीटर व्हॉल्व्हपाशी जवळजवळ दीड मिलिमीटर होतो. व्हॉल्व्हचा घेर आणि उचल यांच्या गुणाकाराइतकी वाट मिश्रणाला मिळते, आणि उचल व्यासाच्या चतुर्थांशाएवढी झाली की ही वाट व्हॉल्व्हच्या स्वतःच्या क्षेत्रफळाची बरोबरी करते. ३८ मिलिमीटर व्यासाच्या इनटेक व्हॉल्व्हसाठी ही मर्यादा साडेनऊ मिलिमीटरवर येते. त्यापुढे अडथळा व्हॉल्व्हचा न राहता पोर्टचा होतो, आणि ज्याने पोर्टला हात लावलेला नाही त्याला वाढीव उचलीचा लाभ फारच थोडा मिळतो.

कॅम बसवणे सोपे असते. खरे काम हेडवर, म्हणजे उचलीला जागा करून देण्यात असते. स्प्रिंग बसवलेल्या स्थितीत ४० मिलिमीटर उंच असेल आणि तिचे सगळे वेढे एकमेकांना टेकल्यावर २८ उरत असतील, तर व्हॉल्व्हला १२ मिलिमीटरची वाट दिसते. पण वेढे टेकण्याआधी निदान एक मिलिमीटर शिल्लक ठेवावे लागते, म्हणून हिशेबात ११च धरावेत. स्प्रिंगवरची टोपी, म्हणजे रिटेनर, पूर्ण उचलीला खाली येते तेव्हा ती गाइडच्या वरच्या टोकावर किंवा तेथील सीलवर आदळता कामा नये, यासाठी गाइडचे डोके कापून उतरवावे लागते. स्प्रिंग अधिक ताठ केली की वेगात व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहून तरंगत नाही. मात्र ताठपणाचा सगळा भार अखेर कॅम आणि टॅपेटच्या सपाट तोंडावर येतो व तेथील लोखंड झिजते. आत-बाहेर दोन स्प्रिंगा, त्याही उलट दिशेने गुंडाळलेल्या, वापरण्याचे कारण केवळ जोर वाढवणे नसून एकीचे कंपन दुसरीच्या घर्षणाने शमवणे हेही आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती रॉकरची भूमिती. कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी हेडची खालची बाजू छाटली की रॉकरशाफ्ट टॅपेटच्या जवळ येतो आणि जुन्या लांबीचा पुशरॉड आता लांब ठरतो. शिवाय नव्या कॅमचे मूळ वर्तुळ लहान केलेले असेल तर तोच पुशरॉड आखूडही ठरू शकतो. कसोटी अशी की अर्ध्या उचलीला रॉकरशाफ्टच्या मध्यापासून रॉकरच्या टोकापर्यंत काढलेली रेषा व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात असावी. दांड्याच्या माथ्यावर शाई लावून इंजिन फिरवल्यास रॉकरच्या टोकाची घासण उमटते. ती मध्यभागी आणि अरुंद असेल तर पुशरॉडची लांबी किंवा रॉकरच्या खांबाखालील शिम बरोबर आहे, आणि ती एका कडेला सरकली असेल तर गाइड त्याच दिशेने अंडाकार झिजणार, हे निश्चित.

या हेडच्या घडणीतही एक मर्यादा दडलेली आहे. चार सिलिंडरांना इनटेकचे पोर्ट दोनच आहेत, म्हणजे शेजारच्या जोडीला एकाच दारातून मिश्रण मिळते, आणि एक्झॉस्टचे तीन असून मधले दोन सिलिंडर एकात मिळतात. त्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे ठेवण्याचा काळ वाढवणारा कॅम येथे एका सिलिंडरचे मिश्रण दुसऱ्याला पळवू देतो, आणि मंद वेगात इंजिन थरथरते. म्हणून या इंजिनासाठी उचल थोडी वाढवून उघडा काळ आटोपशीर ठेवणारा कॅमच निवडावा. जयपूरसाठी तर तो अधिकच योग्य ठरतो, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंची आणि मे महिन्यातील ४२ अंशांची उष्णता मिळून येथील हवा समुद्रसपाटीवरील १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी विरळ होते, आणि ही तूट कोणताही कॅम भरून काढू शकत नाही.

फेब्रुवारी २००० पासून भारतात शिशाविना पेट्रोल आल्यावर हेडच्याच लोखंडात कापलेल्या एक्झॉस्ट सीटचे शिशाच्या थराने होणारे संरक्षण संपले. ताठ स्प्रिंग लावणाऱ्याने तेथे कठीण पोलादाच्या रिंगा बसवून तीस, पंचेचाळीस आणि साठ अंशांत सीट कापून घ्यावी. एक्झॉस्टची सीट इनटेकपेक्षा रुंद ठेवावी, कारण तापलेला व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटमधूनच टाकतो.

शेवटची तपासणी हलक्या स्प्रिंगा लावून, पिस्टनवर मऊ माती ठेवून आणि हेड आवळून करावी. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे, म्हणजे कॅमचा एक फेरा, फिरवून हेड उतरवले की मातीच्या ठशाच्या जाडीवरून मोकळी जागा दिसते. इनटेकपाशी दोन मिलिमीटर आणि अधिक प्रसरण पावणाऱ्या एक्झॉस्टपाशी अडीच मिलिमीटर मिळाले तर काम पुढे न्यावे. एका व्हॉल्व्हवरून उरलेल्या सातांचा अंदाज बांधणे येथे चालत नाही, कारण सीट कापताना प्रत्येक व्हॉल्व्ह वेगळ्या खोलीवर गेलेला असतो. माप आठही ठिकाणी घ्यावे लागते.